ताण्याचं दुसरं टोक

श्रावण पौनीकरनं आणीबाणीत आपल्या जिवलग दोस्ताला पोलिसांच्या हवाली केलं आणि बदल्यात सरकारकडून नंदनवन वस्तीत प्लॉट घेतला, असं आमच्या गल्लीत बोललं जायचं. बोललं जायचं म्हणजे कानात. मोठ्यानं बोलायचे ते दिवस नव्हते. मी ही बातमी ऐकली ती न्हाव्यासमोर, गालाला साबण लागलेला असताना, आणि दुपारच्या जेवणाआधी तीन घरी पोचती केली. प्लॉटची भर माझी नाही, ती आधीच पडलेली होती. मी फक्त तो कोपऱ्याचा केला.

हे आज सांगायला लाज वाटते, पण सांगतो. श्रावण गेला, वामनराव गेले, ती गल्लीही आता ओळखू येत नाही. गल्लीतल्या जुन्या माणसांत उरलो मी, आणि माझी जीभ अजून शाबूत आहे.

इतवारीच्या मागच्या अंगाला ती कोष्ट्यांची गल्ली. घरोघरी हातमाग. सकाळी उठल्यापासून दिवे लागेपर्यंत धोट्यांचा खटखटाट, आणि तो थांबला की समजावं, जेवायची वेळ झाली किंवा कोणी मेलं. गल्लीच्या तोंडाशी एका खोलीचं वाचनालय होतं, त्याची किल्ली माझ्याकडे असे. लोक मला भैय्याजी म्हणत. वाचनालयात दोन टेबलं होती. खिडकीजवळच्या टेबलावर जनसंघाच्या विचारांचे पेपर आणि साप्ताहिकं, दाराजवळच्या टेबलावर लाल बावट्याची. असा नियम कोणी केलेला नव्हता. माणसं बसत गेली तसे पेपर त्यांच्या मागे गेले. दोन्ही टेबलांमधून वाट काढायची तर मलाच अंग चोरावं लागे.

दाराजवळच्या टेबलावर श्रावण. उंच, हाडकुळा, कान जरा जास्तच उघडे. शाळा चौथीपर्यंत. वाचताना ओळीखाली बोट फिरवायचा आणि शब्द अडला की बोट तिथंच दाबून धरायचा, जणू उचललं तर तो पळून जाईल. विणकरांच्या लाल युनियनचा तो जुना माणूस. खिडकीजवळच्या टेबलावर वामनराव धकाते. गोल, गोरे, वेळेचे पक्के. पहाटे शाखा, मग आंघोळ, मग माग. दोघांची घरं समोरासमोर, दोघांचं वय एक, दोघांच्या आयांनी एकाच चुलीवर भात शिजवला होता म्हणतात. टेबलं मात्र वेगळी.

एरवी त्यांचं भांडण ऐकायला आम्ही चहा सोडून यायचो.

"वामन, तुमच्या शाखेत पोट आत घ्याले नाही शिकवत काय गा?"

"शिकवते ना. आत घेऊन ठेवलं आहे, म्हणून तं एवढंच दिसते. तुमच्या रशियात तं लोकाईले पोटच नाही म्हणते."

"तिथं सगळ्याईचं पोट सारखं असते."

"सारखंच उपाशी, हो."

असं वर्षानुवर्षं. सदुसष्टच्या निवडणुकीत दोघं आपापल्या पक्षाची पत्रकं घेऊन एकाच सायकलवर सीताबर्डीला गेले होते. श्रावण चालवत होता, वामनराव मागं बसून दोघांची पत्रकं धरून. परत येताना गठ्ठे बदलले आणि दुसऱ्या दिवशी लाल युनियनच्या ऑफिसात जनसंघाची पत्रकं निघाली. ती गोष्ट मी इतकी रंगवून सांगितली आहे की आता मलाच खरं किती ते आठवत नाही.

या दोघांना जी गोष्ट एकत्र बांधून होती ती दोस्तीहून मोठी होती. ती होती पाजणी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागावर चढवण्याआधी लुगड्याच्या उभ्या सुताला खळ पाजावी लागते, नाहीतर धागा विणताना फुटतो. हा उभ्या सुताचा ताणा चाळीस-पन्नास हात लांब. तो घरात मावत नाही. म्हणून पहाटे गल्लीत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा, खाली बांबूच्या तिकाट्या लावायच्या, आणि बायांनी दोन्ही बाजूंनी कुंच्यानं खळ फिरवत जायचं. दोन टोकांना दोन माणसं बसतात. ओलं सूत झोळतं, तेव्हा ओढायचं. वाळता वाळता सूत आखडतं, तेव्हा सोडायचं. एकानं ओढलं आणि दुसऱ्यानं त्याच वेळी ओढलं तर शेकडो धागे तुटले. म्हणून टोकावर बसवायचा माणूस असातसा चालत नाही. बायको निवडताना लोक इतका विचार करत नसत.

श्रावणच्या ताण्याच्या दुसऱ्या टोकावर वामनराव आणि वामनरावांच्या ताण्याच्या दुसऱ्या टोकावर श्रावण, असं पंचवीस वर्षं चालत आलं होतं. रात्री सभेत एकमेकांच्या पक्षाला शिव्या घालून आलेले हे दोघं पहाटे एकाच सुताला धरून बसलेले असत.

पंचाहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली. जुलैत संघावर बंदी आली आणि धरपकड सुरू झाली. वामनराव मोठे पुढारी नव्हते, पण शाखेची वही त्यांच्याकडे असे. एका सकाळी ते दिसले नाहीत. उमरेडला मावशीकडे गेले, असं रुखमाबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं सांगितलं. सगळ्या गल्लीनं मान डोलावली आणि कोणी मावशीचं नाव विचारलं नाही.

श्रावणच्या पक्षानं आणीबाणीला पाठिंबा दिला होता. ऑगस्टमध्ये युनियनची सभा झाली, गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. श्रावण जन्मात कधी मंचावर चढला नव्हता, त्या दिवशी चढवला गेला. दोनच वाक्यं बोलला. साठेबाज आत गेले, सूत रास्त भावात मिळू लागलं, हे चांगलं झालं. आणि देशात गडबड करणारे जे आहेत ते आत गेलेच पाहिजेत. टाळ्या पडल्या. भोंगा आमच्या गल्लीकडे तोंड करून लावलेला होता. रुखमाबाई दारात ज्वारी निवडत बसली होती. तिनं सूप उचललं आणि आत गेली.

मी त्या दिवशी तिथंच होतो. पुढं या गोष्टीला मी महत्त्व दिलं नाही, कारण त्यात गुपित काही नव्हतं. ज्यात गुपित नाही ते मला सांगण्यासारखं वाटत नसे, ही माझी खोड.

नोव्हेंबरात रुखमाबाईचा ताणा तयार होऊन पडला. व्यापारी लुगडी मागत होता, घरात दोन माणसं खाणारी. पाजणी करायची तर दोन टोकांना दोन माणसं हवीत. पण ज्या घराचा माणूस पोलिसांना हवा आहे, त्या घराच्या ताण्याला हात कोण लावणार? तिनं चार घरी विचारलं. एकाची कंबर धरली होती, एकाला ताप होता, दोघांना त्याच दिवशी कळमन्याला जायचं होतं. समोरच्या घरी तिनं विचारलंच नाही.

पाजणीच्या दिवशी पहाटे श्रावण आपला आपण आला आणि एका टोकाला जाऊन बसला. रुखमाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "कोणी बोलावलं नाही तुमाले."

"नाही बोलावलं. पण सूत पडून राहिलं."

दुसऱ्या टोकावर थोड्या वेळानं एक माणूस येऊन बसला. दाढी वाढलेली, डोक्याला आणि तोंडाला रुमाल, चट्ट्यापट्ट्याची लुंगी. उमरेडचा मावसभाऊ, असं सांगण्यात आलं. माणूस दुबळा झाला होता, पण बसायची ढब कशी लपेल? साऱ्या गल्लीला समजलं आणि सारी गल्ली खाली मान घालून कामाला लागली. त्या दिवशी आणखी दोन घरांचे ताणे शेजारी लागले होते. पानठेल्याशी तीन अनोळखी माणसं आठवडाभर उभी राहत होती, ती त्या दिवशीही होती. पण गर्दीत, धुक्यात, दाढी-रुमालात कोणाला काय दिसणार, अशी सगळ्यांची समजूत.

पाजणी अर्धी झाली असेल. ती तीन माणसं ठेला सोडून चालत आली, बाकीच्या दोन ताण्यांकडे बघितलंही नाही, सरळ त्या मावसभावाजवळ गेली आणि त्याच्या दंडाला धरलं. झटापट झाली नाही. वामनरावांनी रुमाल काढला, आणि दोराचं टोक रुखमाबाईच्या हातात देऊन गेले. तिला ते सांभाळता आलं नाही. ओला ताणा खाली मातीत पडला.

आता सांगा, गल्लीनं काय समजावं? इतक्या माणसांत पोलीस नेमके त्यालाच कसे ओळखतात? तिथं हजर असलेल्यात दुसऱ्या बाजूचा माणूस एकच होता. आणि तो न बोलावता आला होता. दोन महिन्यांनी श्रावणचा मेव्हणा नंदनवनात प्लॉट घेऊन पाया खणू लागला, श्रावण त्याला मदतीला रोज तिकडं जाऊ लागला, आणि गोष्ट पूर्ण झाली. प्लॉट मेव्हण्याच्या रेल्वेतल्या नोकरीतून आला होता, हे माहीत असलेले लोक होते. त्यांनी ते सांगितलं नाही. मीही त्यातला एक.

श्रावण नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. त्याची बायको कुसुमावती नळावर भांडून आली, की माझ्या नवऱ्यानं असं केलं नाही. कोणीतरी म्हणालं, "मंग तो स्वतः काहून बोलत नाही वं?" ती घरी येऊन नवऱ्याला हेच विचारायची. तो माग चालवत राहायचा.

आणि मग शिक्षा सुरू झाली. आमच्या गल्लीत वाळीत टाकायची पद्धत सोपी होती. कोणी शिवी देत नाही, कोणी पाणी बंद करत नाही. फक्त ताण्याच्या दुसऱ्या टोकावर कोणी बसत नाही. युनियनचे लोक एक-दोनदा आले, पण ते दुसऱ्या गल्लीचे, त्यांना स्वतःची कामं. श्रावणनं मग दुसरं टोक विजेच्या खांबाला बांधायला सुरुवात केली. खांब ओढत नाही आणि सोडतही नाही. तेव्हा हा माणूस या टोकाला दोर ओढायचा, मग पन्नास हात चालत जायचा, त्या टोकाला सोडायचा, परत यायचा. मधे कुसुमावती एकटी दोन्ही बाजूंनी खळ फिरवायची आणि तुटलेले धागे जोडायची. चार तासांची पाजणी त्यांना उन्हं डोक्यावर येईपर्यंत पुरायची. आम्ही वाचनालयाच्या पायरीवरून बघायचो. मी एकदा विनोद केला, की श्रावणनं आता खांबालाही पक्षात घेतलं. लोक हसले. त्याला ऐकू गेलं, कारण त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि दोर ओढायला वळला.

त्याला हवं होतं ते एकच, आणि ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. वामनरावांनी एकदा परत येऊन त्या टोकावर बसावं. गल्लीतलं दुसरं कोणी नव्हे. कुसुमावतीच्या भावाला तो एकदा म्हणाला होता, "तू बसू नोको. ती जागा धरलेली आहे."

शहात्तरच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो वाचनालयात आला. बरेच महिने फिरकला नव्हता. आपल्या टेबलाकडे गेला नाही, खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसला. टेबल रिकामंच होतं. तिथं बसणारे एक तर जेलमध्ये होते नाहीतर घरी, आणि साप्ताहिकं बंद पडली होती.

"भैय्याजी, वामन वाचे ते जुने अंक आहेत काय?"

मी म्हणालो, "ते कवाच रद्दीत गेले."

"पोटमाळ्यावर गठ्ठे आहेत. मी चढवाले मदत केली होती तुमाले."

बंदी आलेल्या विचारांचे गठ्ठे माझ्या पोटमाळ्यावर, आणि मागणारा कोण, तर ज्याच्याबद्दल मीच गावभर सांगितलं तो! मी महिनाभर टाळलं. तो रोज यायचा आणि रिकाम्या टेबलावर बसून जायचा. शेवटी एक दिवस मीच कंटाळून शिडी लावली. पोलिसांनी धरायचं तर धरावं, म्हटलं. कोणी आलं नाही. श्रावण ओळीखाली बोट फिरवत वाचत बसला.

पुढचं पाऊण वर्ष त्यानं ते गठ्ठे वाचले. सगळे. मी इतकी वर्षं वाचनालय चालवलं, पण तसा वाचणारा दुसरा बघितला नाही. आवडतं म्हणून वाचत नव्हता, ते चेहऱ्यावरून समजत होतं. कडू काढा घेतल्यासारखा वाचायचा. आणि मधेच विचारायचा.

"भैय्याजी, हे 'राष्ट्र राष्ट्र' म्हणून राहिले. त्यात आपली गल्ली येते काय?"

"येत असन बा."

"येते तं मंग सुताच्या भावाचं एकही अक्षर काहून नाही?"

आणखी एकदा म्हणाला, "वामन जेलातून सुटू शकते म्हणते. यापुढं असं काही करणार नाही, एवढं लिहून देल्लं की सोडते. काही जण सुटले. तो काहून लिहून देत नसन?"

"अभिमान असन."

"वामनले अभिमान कुठचा? माह्या मागावर बसून स्वतःची फटफजिती करून घ्यायचा तो. त्यानं कधी माह्यासमोर माघार घेतली नाही असं नाही. मी समजत होतो, हा तिथं जाते ते कवायतीसाठी, मित्रमंडळींसाठी. कवायतीसाठी कोणी वर्षभर आत राहत नाही. मंग ते काय आहे, तेच पाहून राहिलो."

मी म्हणालो, "सापडलं?"

"नाही सापडलं."

युनियनच्या लोकांना हे समजलं. त्यांनी आधी चेष्टा केली, मग बोलावून विचारलं, आणि शेवटी दरवर्षीची वर्गणीची पावती फाडायचं बंद केलं. आता श्रावण कोणत्याच टेबलाचा राहिला नाही. सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये आणीबाणी उठली, वामनराव सुटून आले. गल्लीनं बँड लावला. रुखमाबाईनं दारात ओवाळलं. श्रावण आपल्या दारात उभा होता, हातात काही नाही, हार नाही की फूल नाही. वामनरावांची नजर त्याच्या दारावरून गेली, पण तिथं थांबली नाही. निम्म्या गल्लीनं ते पाहिलं आणि अफवेवर शिक्का बसला. बघा, तुरुंगातून आलेला माणूसच बोलत नाही, म्हणजे खरंच.

असं साडेचार वर्षं चाललं. दिल्लीचं सरकार आलं, गेलं. वामनरावांना त्यातून काही मिळालं नाही, त्यांनी मागितलंही नाही. ते सकाळी शाखेत, मग मागावर. त्यांच्या ताण्याच्या टोकावर आता त्यांचा जावई बसे, आणि ओढायच्या वेळी सोडे. श्रावण खांबासोबत. दोघांचेही धागे तुटत होते. वामनरावांच्या पक्षाची सभा असली की श्रावण सर्वांत मागं उभा राहून ऐकायचा. तिथले लोक आपापसांत म्हणायचे, हा पुन्हा खबर काढायला आला. तरी उभा राहायचा.

एक्याऐंशीच्या डिसेंबरात, दुपारी तीनच्या सुमारास, श्रावण खिडकीजवळच्या टेबलावर बसला होता. वामनराव आत आले. मी तेव्हा पेपर फाईलला लावत होतो. हातातली सुई तशीच धरून थांबलो, हे कबूल करतो. वामनरावांनी दुसरीकडे रिकामी खुर्ची बघितली, नव्हती, म्हणून त्याच टेबलाच्या समोरच्या खुर्चीवर बसले. पेपर श्रावणकडे होता. त्यानं मधलं पान काढून सरकवलं.

दोघांनी आपापलं पान वाचलं. मग वामनराव म्हणाले, "सहा वर्षांपासून आमचं वाचून राहिला म्हणते."

"साडेपाच."

"समजलं काय?"

"अर्धं." श्रावणचं बोट पेपरवर तसंच होतं. "देशाबद्दल वाटते ते समजलं. एकमेकांच्या घरी धावून जाता ते समजलं. पहाटे लाठी कोणावर फिरवता, ते नाही समजलं. तुमच्या त्या देशात पलीकडच्या मोहल्ल्यातला रंगारी कुठं बसते, तेही नाही सापडलं. मी शोधलं गा."

"मले तुमचं मजुरीचं समजते," वामनराव म्हणाले. "तेवढं जेलात समजलं, तिथं तुमच्यातले दुसऱ्या, आणीबाणीले विरोध केलेल्या गटाचे दोघं होते माह्या बराकीत. पण लोकाईले बोलू न देता लोकाईचं भलं कसं करता, ते मले समजत नाही."

श्रावणनं मान खाली घातली. मग म्हणाला, "वामन, त्या दिवशी पाजणीच्या वेळी..."

"ते राहू दे. ते मले माहीत आहे. तिथं मीच होतो."

"मंग सुटून आल्यावर एक शब्द लोकाईले बोलला असता तं..."

"बोललो असतो. मंग लोकाईनं विचारलं असतं, यानं काही केलं नाही, तं तू याच्याशी बोलत काहून नाही? त्याईले मी काय सांगू?" वामनरावांचा आवाज चढला नव्हता. "भोंग्यावर बोललं ते रुखमानं ऐकलं होतं. जेलात भेटाले आली तवा पहिलं तेच सांगतलं. आत गेलेच पाहिजेत. माहा दोस्त मनापासून मानते का मी आत असावं, पैशासाठी नाही, भीतीसाठी नाही, त्याले तसंच वाटते म्हणून, हे कोणाले कसं सांगावं? लोकं खबऱ्या म्हणत होते, म्हणू देल्लं. ते मले सोपं होतं. तेवढी माही चूक."

माझ्या हातातली सुई मला टोचली, तेव्हा ती अजून हातात आहे हे समजलं.

श्रावण म्हणाला, "मी खोटं बोललो नव्हतो."

"तेच तं."

"तवा सूत मिळून राहिलं होतं. दुकानात तेल दिसून राहिलं होतं. मले चांगलं वाटलं, मी चांगलं म्हणलो. आत गेलेच पाहिजेत म्हणलो तवा डोळ्यासमोर कोण होतं, मी लय आठवून पाह्यलं. कोणीच नव्हतं. तू तं नव्हताच. तुहं नाव त्यात येते, हे मले मोजताच आलं नाही. तू गेल्यावर मोजलं."

"आता काय म्हणतो? तवाचं सरकार बरोबर होतं का चूक?"

श्रावणनं पेपरवरचं बोट उचललं. मला वाटलं, आता हा चूक म्हणेल आणि सगळं सुरळीत होईल. मला तसंच सांगायला आवडलं असतं.

"तुले पकडलं ते चूक," तो म्हणाला. "बाकी मी अजून वाचून राहिलो."

वामनराव हसले नाहीत. त्यांनी मधलं पान घडी घालून परत दिलं. उठताना विचारलं, "तू विचारून राहिला होता म्हणे, मी लिहून काहून नाही देल्लं. भैय्याजीनं साऱ्या गावाले सांगतलं."

"हो."

"लिहून देल्लं असतं तं भोंग्यावरचं तुहं बरोबर ठरलं असतं."

दारात जाऊन ते थांबले. "पाजणी कवा आहे?"

"गुरुवारी."

वामनराव गेले. येतो म्हणाले नाहीत. श्रावणनं पेपर नीट लावला आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाचन अर्धं टाकून घरी गेला.

गुरुवारी पहाटे मी स्वेटर घालून पायरीवर येऊन बसलो. थंडी चांगली होती. त्या दिवशीही तीन ताणे लागायचे होते. श्रावणनं आपला ताणा उलगडला, पण दुसरं टोक खांबाला बांधलं नाही. दोर जमिनीवर तसाच ठेवला आणि आपल्या टोकाला येऊन बसला. कुसुमावती खळीचं भांडं घेऊन उभी. "बांधा ना," ती म्हणाली. तो समोरच्या दाराकडे बघत राहिला. बाकीचे दोन ताणे लागले, त्यांच्या बाया खळ फिरवू लागल्या. उजाडलं. कुसुमावती परत म्हणाली, "बांधता का मी बांधू?" तेवढ्यात समोरचं दार उघडलं. वामनराव शाखेतून आले होते, अंगात अजून तेच कपडे. त्यांनी दोर उचलला, कमरेला वळसा घेतला आणि बसले. त्यांच्या मागून रुखमाबाई कुंचा घेऊन आली आणि कुसुमावतीच्या समोरच्या बाजूला लागली. दोघी बोलल्या नाहीत.

खळीचा पहिला हात फिरला, सूत झोळलं, आणि या टोकावरून हाक आली, "वामन, ओढ."

त्या टोकावरून उत्तर आलं, "ओ."

माझं घर त्या गल्लीत वीस वर्षं. ही हाक मी हजारदा ऐकली असेल, म्हणजे कधीच ऐकली नव्हती. गल्लीत तीन-तीन ताणे शेजारी लागतात. नुसतं 'ओढ' म्हटलं तर तिन्ही ताण्यांचे लोक ओढतील, म्हणून ज्याला सांगायचं त्याचं नाव घ्यावं लागतं. आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं ओ द्यावीच लागते. नाही दिली तर या टोकाला समजत नाही, त्यानं ऐकलं की नाही, आणि धागे तुटतात. कोष्ट्याच्या पोराला हे चालायच्या आधी शिकवतात. गल्लीतल्या बाकी कोणाच्या कानापर्यंत त्या हाका पोचत नाहीत, जसा आपल्याला आपला श्वास ऐकू येत नाही. त्या ऐकतो फक्त ज्याला ओढायचं आहे तो. किंवा कोणी परका, जो पानठेल्याशी उभा राहून त्यासाठीच कान लावून असेल.

पाजणी संपल्यावर मी वामनरावांना गाठलं. हात धूत होते. मी विचारलं, "त्या दिवशीही?" त्यांनी पाणी झटकलं आणि म्हणाले, "हो." मग म्हणाले, "आता हे तरी जसंच्या तसं सांगजा, भैय्याजी."

म्हणून जसंच्या तसं सांगतो. श्रावण पौनीकर पोलिसांकडे कधी गेला नाही. त्या सकाळी सूत झोळलं, तेव्हा त्यानं सवयीनं वामनरावांचं नाव घेऊन हाक मारली आणि वामनरावांनी सवयीनं ओ दिली. पोलीस तिथं उभे होते, त्यांनी ती ऐकली.